भोरड्याच त्या, साळुंक्या नव्हेत

नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी दिसलेल्या 'गुलाबी साळुंक्या' कोणत्या, असं इथं एकानं विचारलंय. त्या भोरड्या, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे येणारे गुलाबी-काळे पक्षी. मार्चमध्ये आपल्याकडे हमखास दिसतात, त्यामुळे दुर्मीळ म्हणणार नाही. पण एवढा मोठा थवा तलावाकाठी मीही क्वचितच पाहिलाय.

भोरड्या मध्य आशियात अंडी घालतात, दगडांच्या कपारींत, आणि तीही टोळ-नाकतोडे भरपूर असतील तिथं. हिवाळा आपल्याकडे काढायचा आणि परतताना वाटेत काटेसावर, पळस, पांगारा फुलला की मकरंदावर ताव मारायचा. कपाळ परागकणांनी पिवळं झालेली भोरडी दिसली की लोक नवीनच पक्षी समजतात! गंमत म्हणजे वसंतातला गडद गुलाबी रंग नवी पिसं फुटून येत नाही. जुन्या पिसांची फिकट टोकं झिजतात आणि खालचा रंग उघडा पडतो.

भोरड्या पाहायच्या तर अंबाझरी तलावाकडेही एक फेरी मारा. माझ्या घराजवळच्या सावरीवर परवा सकाळी इतका कलकलाट होता की चहा गार झाला.

आता दुसरा प्रश्न: ज्यांना मार्चअखेर तलावावर एकटा पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेला, हिवाळ्यात येणारा हंस) दिसला, त्यांनी तो उडताना पाहिला का? त्याचे सोबती तिबेट-लडाखच्या तलावांकडे निघतात ते याच सुमारास. मागे राहिलेला बहुधा जखमी किंवा अशक्त असावा. फोटोसाठी जवळ जाऊ नका, आधीच मोकाट कुत्री आहेत तिथं.