कुत्र्याला पट्टा गळ्यात की छातीवर? तुमचं मत सांगा

देवणीकर, लातूर
आमचा मोती पॉमेरेनियन आहे, सहा वर्षांचा, वजन साडेचार किलो. लहानपणापासून गळ्यात लाल नायलॉनचा पट्टा. महिन्यापूर्वी फिरायला निघालो, गल्लीच्या तोंडाशी मांजर दिसलं आणि यानं झेप घेतली. दोरी ताणली गेली तसा खोकला सुरू झाला. साधा खोकला नव्हे, बदक ओरडावं तसा आवाज. मान लांब केलेली, पुढचे पाय फाकलेले, जीभ जांभळट. मी दोरी सोडून रस्त्यातच बसलो, छातीवरून हात फिरवत राहिलो, तेव्हा दोनेक मिनिटांनी थांबला. डॉक्टर म्हणाले, या जातीत श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडून नळी चपटी होते, दोरी गळ्याला लावूच नका, हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा घ्या. वडिलांचं म्हणणं, कुत्र्याच्या गळ्यात पट्टाच हवा, हे नवं खूळ कशाला. माझं मत पक्कं झालंय: ओढ गळ्यावर येणं कुठल्याही कुत्र्याला वाईटच. बैलाचं जूसुद्धा आपण खांद्यावर ठेवतो, गळ्यात दोर बांधून नांगर ओढायला लावत नाही.

शेतवस्ती, अंबाजोगाई
दादा, मोतीबद्दल वाईट वाटलं, त्याला हार्नेसच घ्या. पण बैलाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. जू खांद्यावर असतं ते बैलानं ओढावं म्हणून. वळवायला वेसण आणि कासराच लागतो. पाठीवर कडी असलेला हार्नेस घातला की कुत्र्याला सगळ्या छातीचा जोर लावता येतो. बर्फात गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांनाही हार्नेसच घालतात. आमच्या शेजारचा लॅब्रॅडॉर हार्नेस आल्यापासून काकूंना फरफटत नेतोय. दोष पट्ट्याचा नाही, ओढायची सवय मोडली नाही त्याचा आहे. ओढलं की जागेवर थांबायचं, दोरी सैल झाली की चालायचं. पंधरा दिवस चिकाटीनं करा, पट्टा गळ्यात आहे हे कुत्र्याला जाणवतसुद्धा नाही.
आणि धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा कशासाठी असतो? बिबट्या आधी गळा धरतो म्हणून. पट्ट्यानं जीव वाचतो, तोही गळ्यातल्या.

गोदाकाठ, नांदेड
खिळ्यांच्या पट्ट्याला कुणी दोरी लावून ओढत नाही ना. प्रश्न दोरीच्या ओढीचा आहे. २००६ साली अमेरिकेत २६ कुत्र्यांवर मोजमाप झालं होतं. गळ्यातल्या पट्ट्यावर ओढ आली की डोळ्याच्या आतला दाब वाढत होता, हार्नेसवर वाढला नाही. काचबिंदू असलेल्या किंवा पगसारख्या बटबटीत डोळ्यांच्या कुत्र्याला हे साधं नाही. पगला तर श्वासही धड घेता येत नाही. त्याच्या गळ्याला दोरी लावलेली बघून माझाच जीव घाबरा होतो.
काकूंचं सांगायचं तर कडी छातीच्या पुढे असलेला हार्नेस मिळतो. कुत्रा ओढायला गेला की अंग बाजूला वळतं, जोर लागत नाही. पाठीच्या कडीवरून सगळ्याच हार्नेसना नावं ठेवू नका.

माळरान, अहमदपूर
आमच्याकडे कारवान आहे. या कुत्र्याचं डोकं निमुळतं, मानेपेक्षा बारीक. साधा पट्टा सैल ठेवला की मागे सरून क्षणात डोकं काढून घेतो आणि सशामागे सुटला की मग हाका मारत बसा. घट्ट बांधला तर काचतो. विकतच्या हार्नेसचंही तेच: छाती खोल, कंबर मुठीएवढी, त्यामुळे मापच बसत नाही, उलटा सरकून निघतो. शेवटी चार बोटं रुंद पट्टा चांभाराकडून करून घेतला. मागे छोटा फास आहे, ओढला तर ठरावीक मापापर्यंतच आवळतो, पुढे नाही. आतून मऊ कातडं. आमच्यापुरतं उत्तर हेच.

शेतवस्ती, अंबाजोगाई
बघा, जातिवंत कुत्रा पाळणाराही पट्ट्यावरच आला. आणि हार्नेसही निर्दोष नाही. २०१९ मध्ये इंग्लंडात चाल मोजली तेव्हा हार्नेसनं पुढच्या पायाची फेक कमी झाली. ज्याला खांदा मोकळा ठेवणारा म्हणतात, त्यानं तर जास्तच. आमचा वाघ्या दिवसभर बाभळी-बोरींतून फिरतो. अंगावर हार्नेस असता तर काट्याला अडकून लोंबला असता.

जांभूळ, परभणी
रानातल्या कुत्र्याला दिवसभर हार्नेस घाला असं इथं कुणीच म्हणत नाहीये. फिरून आलं की काढायचाच असतो. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन बघा, ४२-४३ अंश. जाड कापडाचा हार्नेस गरम होतो, बगलेत घासून कातडी सोलते, आत गोचिडी लपतात. आमच्या मांजरीएवढ्या पिल्लाच्या बगलेत मला सात सापडल्या, त्याही तीन दिवसांनी. म्हणून जाळीचा घ्या, अंग आणि पट्टा यांत दोन बोटं सरळ जातील एवढाच आवळा आणि पिल्लू वाढतंय तोवर दर आठवड्याला माप सैल करा.

देवणीकर, लातूर
आईच्या शिवणाच्या टेपनं मोतीची छाती मोजून जाळीचा हार्नेस आणला, कडी पुढे असलेला. पहिले दोन दिवस दारातच पुतळ्यासारखा उभा राहिला, तिसऱ्या दिवशी चिवड्यातल्या शेंगदाण्याच्या आशेनं चार पावलं टाकली. आता नीट चालतो, आठवडाभरात तसा खोकला एकदाही नाही. लाल पट्टा मात्र गळ्यातच आहे, त्यावर आमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला आहे. वडील तेवढ्यावर राजी झालेत. दोरी त्याला लावायची नाही, हे त्यांनाही पटलंय.

शेतवस्ती, अंबाजोगाई
मोती बरा झाला हे ऐकून खरंच बरं वाटलं. माझा वाघ्या पट्ट्यातच राहील, पण काकूंना पुढच्या कडीचा हार्नेस दाखवायला उद्या जातोय.