विषय: मुलाचं बोलणं आणि शाळेची मदत – सुरुवात कुठून करावी?

प्रेषक: मंडळ समन्वयक

नमस्कार मंडळी,

आपल्या एका सभासद ताईंचा मजकूर त्यांच्या विनंतीवरून निनावी पाठवते आहे. उत्तर देणाऱ्यांनीही मुलांची, शाळांची, डॉक्टरांची नावं लिहू नयेत. लिस्टचे मेल वर्षानुवर्षं संग्रहात राहतात आणि मुलं मोठी होतात. खाली नावाऐवजी नातं लिहिलंत तरी चालेल.

त्यांचा मजकूर:

"आमचा मुलगा पावणेचार वर्षांचा आहे. पुण्याहून इथे अमेरिकेत, सॅन होजेला आलो तेव्हा तो थोडेफार शब्द बोलायचा, आता त्यातलेही काही गेलेत. हाक मारली तर बघत नाही. गाड्या ओळीत लावतो, कुणी हलवल्या तर रडून रडून घामाघूम होतो. डॉक्टर म्हणाले, तज्ज्ञांची अपॉइंटमेंट मिळायला बरेच महिने लागतील. खाजगी प्रीस्कूलमधल्या बाई म्हणाल्या, घरी दुसरी भाषा आहे ना, मग वेळ लागणारच, थांबा. त्याच बाईंनी मराठी बंद करा असंही सुचवलं. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, ह्याचे बाबाही उशिरा बोलले. आम्ही एच-वन (नोकरीच्या) आणि एच-फोर (कुटुंबीयांच्या) व्हिसावर आहोत. सरकारी शाळेकडे मदत मागायचा आम्हाला हक्क आहे का? की सरळ पुण्याला परत जावं? रात्री झोप लागत नाही."

—

प्रेषक: एक आई, सनीव्हेल (मुलगी आता हायस्कूलमध्ये)

ताई,

पहिलं उत्तर: हक्क आहे. व्हिसा कुठला आहे हे सरकारी शाळा विचारतही नाही. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की कागदपत्रं नसलेल्या मुलालाही सार्वजनिक शाळेचं दार बंद करता येणार नाही. तुम्ही तर रीतसर व्हिसावर आहात.

दुसरं, आणि मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच: निदानाची वाट बघत बसू नका. डॉक्टरांचं निदान आणि शाळेचं मूल्यमापन हे दोन वेगळे रस्ते आहेत. शाळेकडे जायला डॉक्टरांचा कागद लागत नाही. मूल तीन वर्षांचं झालं की जबाबदारी तुमच्या पत्त्याच्या स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेची. मुलगा खाजगी प्रीस्कूलमध्ये जात असला तरी आणि कुठेच जात नसला तरी. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा, आयडिया नावाचा हा केंद्रीय कायदा मुळात १९७५ चा. त्याआधी इथेही अशी असंख्य मुलं घरीच बसत होती, आईवडिलांनी कोर्टात लढून हे मिळवलं. गरजू मुलं शोधून काढणं हे त्या कायद्याने डिस्ट्रिक्टचंच काम ठरवलंय. तुम्ही कुणाकडे उपकार मागत नाही आहात.

पण मागणी लेखी हवी. शाळेच्या दारात बाईंशी बोललात, फोनवर सांगितलंत, त्याची गणती होत नाही. लेखी पत्र पोचलं की कॅलिफोर्नियात घड्याळ सुरू होतं: १५ दिवसांत त्यांनी तुम्हाला असेसमेंट प्लॅन पाठवायचा, म्हणजे कुठल्या चाचण्या कोण करणार त्याचा कागद. तुम्ही त्यावर सही करून परत दिलात की ६० दिवसांत चाचण्या उरकून आयईपीची बैठक घ्यायची. पाच दिवसांहून मोठी सुट्टी ह्या मोजणीत धरत नाहीत, म्हणून उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत पत्र जाऊ दे. पत्र डिस्ट्रिक्टच्या स्पेशल एज्युकेशन विभागाला, ईमेलने.

आयईपी म्हणजे तुमच्या मुलासाठीचा लेखी करार समजा. वर्षभरात काय साधायचं, त्यासाठी स्पीच थेरपी आठवड्यातून किती मिनिटं, ऑक्युपेशनल थेरपी (हाताची आणि रोजची कामं जमवायला शिकवणारी) किती, वर्ग कोणता, मदतनीस असेल का, सगळं त्यात येतं. मिनिटं आकड्यांत लिहून घ्या. "गरजेनुसार" असं लिहिलेलं मान्य करू नका, गरज कोण ठरवणार? उद्दिष्टंसुद्धा मोजता येतील अशी हवीत. "संवाद सुधारेल" ह्याला काही अर्थ नाही. "हवी ती वस्तू दहापैकी आठ वेळा शब्दाने, खुणेने किंवा चित्राने मागेल" हे तपासता येतं. २०१७ मध्ये एन्ड्रू एफ. खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटलं की नावापुरती प्रगती पुरेशी नाही, त्या मुलाच्या परिस्थितीत जेवढी योग्य तेवढी प्रगती साधेल असा आयईपी हवा. बैठकीत कुणी "आमच्याकडे एवढंच मिळतं" म्हणालं तर हे आठवा.

बैठकीत समोर सहा-सात माणसं असतात: सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, शिक्षिका, डिस्ट्रिक्टचे अधिकारी. आपल्याकडच्या माणसाला शिक्षकांसमोर नाही म्हणायची सवय नसते, शेवटी कागद पुढे येतो आणि आपण सही करतो. तिथल्या तिथे सही करायची गरज नाही. घरी न्या, वाचा. काही भागाला होकार आणि काही भागाला नकार असंही देता येतं, म्हणजे मान्य असलेली थेरपी लगेच सुरू होते. मूल्यमापनाचे रिपोर्ट बैठकीआधी मागा. २४ तास आधी कळवलंत तर बैठकीचं ध्वनिमुद्रण करता येतं. आजी, मैत्रीण, कुणालाही बरोबर न्या. एकट्या जाऊ नका. तुमचे अहो येऊ शकत नसतील तर मी येईन, मनापासून सांगते.

मराठीबद्दल. बंद करू नका. ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत दोन भाषांमुळे बोलणं मागे पडतं असं आढळलेलं नाही. आणि आजी-आजोबांशी, तुमच्याशी त्याचं जे काही नातं आहे ते मराठीतच आहे ना? आपल्याच घरात आईने परक्या भाषेत जपून जपून बोलायचं, ह्याने मुलाचं काय भलं होणार! उलट पत्रात स्पष्ट लिहा की घरची भाषा मराठी आहे. चाचणी शक्य तितकी मुलाच्या भाषेत घ्यावी असं कायदा सांगतो आणि पालकांना दुभाषा मिळतो. मराठीतल्या तयार चाचण्या त्यांच्याकडे नसतात, पण चांगली स्पीच थेरपिस्ट तुम्हाला शेजारी बसवून त्याला मराठीत काय कळतं ते बघते. "इंग्रजी येत नाही म्हणून बोलत नाही" ही पळवाट तिथेच बंद होते. मूल दोन्ही भाषांत मागे असेल, कळलेले शब्द गेले असतील, तर कारण भाषा नसतं.

आमची मुलगी टॅबलेटवरच्या ॲपमधून बोलते. त्यात नाशिकच्या आजीने स्वतःच्या आवाजात "भात", "आंघोळ", "नको", "गोष्ट सांग" भरून दिलंय. व्हिडिओ कॉलवर आता दोघींचं मराठीत भांडण होतं.

—

प्रेषक: एक बाबा, फ्रीमाँट

वर ताईंनी शाळेचं सगळं सांगितलंच आहे. शाळेच्या बाहेरचं मी लिहितो.

रिजनल सेंटरला आजच्या आज फोन करा. वाढीत अशा अडचणी असलेल्या मुलांना आणि मोठ्यांना सेवा मिळवून देणारी ही केंद्रं, १९६९ च्या लँटरमन कायद्याखाली कॅलिफोर्नियात अशी २१ आहेत. सॅन होजे म्हणजे सँटा क्लारा काउंटी, तुमचं सॅन अँड्रियास रिजनल सेंटर. आम्ही अलामीडा काउंटीत, आमचं ईस्ट बेचं. व्हिसा ते बघत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना पक्क्या निदानाशिवायही तात्पुरती पात्रता मिळू शकते, रोजच्या जगण्यातल्या किमान दोन बाबतींत मोठी अडचण दिसली पाहिजे. म्हणजे तुमच्याकडे अजून वेळ आहे, पण फार नाही. एक केस-वर्कर मिळतो, रेस्पिट मिळू शकतं, म्हणजे काही तास घरी येऊन मुलाला सांभाळणारं माणूस. आईला झोप मिळणं हीसुद्धा थेरपीच आहे असं मी मानतो.

विम्यासाठी मात्र डॉक्टरांचं निदान लागतं, तेव्हा ती अपॉइंटमेंट सोडू नका. रद्द झालेल्या वेळांच्या यादीत नाव घाला आणि दर आठवड्याला फोन करा. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने जुलै २०१२ पासून आरोग्य विम्याला ऑटिझमची बिहेवियर थेरपी द्यावीच लागते. पण इथे आपल्या आयटीवाल्यांची गोची आहे. मोठ्या कंपन्यांचे बरेच प्लॅन सेल्फ-फंडेड असतात, म्हणजे उपचारांचे पैसे विमा कंपनी नाही तर आपली कंपनीच भरते, आणि त्यांना राज्याचा हा कायदा लागू होत नाही. एचआरला एकच प्रश्न लेखी विचारा: आपला प्लॅन सेल्फ-फंडेड आहे की फुली इन्शुअर्ड? सेल्फ-फंडेड असला तरी पुष्कळ कंपन्या स्वतःहून ही थेरपी देतात, आणि नोव्हेंबरात प्लॅन बदलायची संधी येते. फुली इन्शुअर्ड प्लॅनने नकार दिला तर बहुतेक प्लॅनच्या बाबतीत राज्याच्या मॅनेज्ड हेल्थ केअर विभागाकडे तक्रार करता येते, स्वतंत्र डॉक्टर ती फाइल बघतात. पहिला नकार अखेरचा धरू नका.

थेरपी सुरू झाली की स्वतः बसून बघा. तासन्‌तास मुलाला टेबलाशी बसवून रडवणारी थेरपी असेल तर थेरपिस्ट बदला. कितीही तास मंजूर झाले असले तरी.

मेडी-कॅलचा (राज्याच्या सरकारी आरोग्य योजनेचा) फॉर्म कुणी पुढे केला तर व्हिसावर असल्यामुळे आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. शाळेच्या आयईपीला तसा काही प्रश्न नाही.

आणि माणसं शोधा. सॅन होजेत पेरेंट्स हेल्पिंग पेरेंट्स ही पालकांनीच चालवलेली जुनी संस्था आहे, आयईपी समजावून सांगणारे वर्ग घेतात. बर्कलीच्या ड्रेडफ ह्या अपंग-हक्क संस्थेत शिक्षण-हक्कांची माहिती मोफत मिळते. "जीना" ही आपल्या दक्षिण आशियाई कुटुंबांची संस्था, तिथे सासूबाईंचं म्हणणं समजावून सांगायला वेगळी प्रस्तावना लागत नाही.

—

प्रेषक: एक आई, आता पुणे (पूर्वी मिल्पिटास)

लिस्टवर अजून आहे, म्हणून परत येण्याबद्दल लिहिते. आम्ही आलो, आणि आम्हाला ते मानवलं. आजी-आजोबा, मावशी, वाड्यातली मुलं, ह्या सगळ्यांनी मुलाला जे दिलं ते कुठल्याही आयईपीत लिहिता येत नाही. पण घाबरून येऊ नका, तयारीने या.

इथेही कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरलेत, ऑटिझम त्यात आहे. ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. फरक असा की १५ दिवस, ६० दिवस असं घड्याळ इथे नाही. मुख्याध्यापिका कशा आहेत त्यावर सगळं ठरतं. नामांकित शाळा गोड बोलून नाही म्हणतात, होय म्हटलंच तर शॅडो टीचरचा, म्हणजे वर्गात मुलाच्या शेजारी बसणाऱ्या मदतनिसाचा, पगार आपण द्यायचा. थेरपी चांगली मिळते, खर्च बहुतेक स्वतःचाच.

आल्या आल्या सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) करा. पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, विषयांची सवलत ह्या सगळ्याला तोच कागद लागतो. नॅशनल ट्रस्ट ह्या केंद्र सरकारी संस्थेची निरामय योजना ऑटिझमसाठीही आहे, वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा. शाळा घर घेण्याआधी ठरवा. पुण्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी कामायनी १९६४ पासून आहे, ऑटिझमसाठी प्रसन्न ऑटिझम सेंटर. मुंबईत जय वकील तर १९४४ ची, आणि लहान मुलांच्या सविस्तर तपासणीसाठी उम्मीद ही संस्था. दहावीचा नेहमीचा रस्ता जड गेला तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा, आहे.

माझं मत विचारलंत तर आत्ता तिथलं मूल्यमापन पुरं करून घ्या. ते फुकट आहे आणि सविस्तर असतं. परत यायचं ठरलं तरी ते रिपोर्ट इथल्या थेरपिस्टच्या हातात पहिल्या दिवशी देता येतील.

—

प्रेषक: मंडळ समन्वयक

ह्या निमित्ताने तीन कुटुंबांनी मला वेगळे मेल पाठवले. मुलाला आवाज सहन होत नाही म्हणून ते गणेशोत्सवाला येत नाहीत, आणि आपल्याला वाटत होतं त्यांना वेळ नसतो. समितीशी बोलले. ह्या वर्षी हॉलमागची खोली शांत खोली म्हणून राहील, दिवे मंद, माइक नाही. ढोल-ताशा कधी सुरू होणार ती वेळ आधी मेलने येईल आणि पाळली जाईल. ढोल सुरू व्हायच्या आत तासभर ह्या कुटुंबांसाठी दर्शन. प्रसादाच्या रांगेत त्यांना थांबावं लागणार नाही. शांत खोलीत बसायला चार स्वयंसेवक हवेत, शक्यतो ज्यांना अशा मुलांची सवय आहे असे.

—

प्रेषक: मूळ मजकूर लिहिणारी आई (समन्वयकांमार्फत)

सगळ्यांना काय म्हणू? रिजनल सेंटरला फोन झाला. सासूबाईंना नाशिकच्या आजींचं वाचून दाखवलं, त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, माझाही आवाज घ्या.

पत्राचा मसुदा केलाय, इंग्रजीत जाईल, मतलब असा: "माझ्या मुलाचं बोलणं आणि वागणं ह्याबद्दल काळजी वाटते. शक्य असल्यास त्याची चाचणी घ्यावी. आपल्या सोयीने कळवावे." काही बदलू का?

—

प्रेषक: एक आई, सनीव्हेल

"शक्य असल्यास" आणि "आपल्या सोयीने" दोन्ही काढा. "आयडिया कायद्याखाली विशेष शिक्षणासाठी संपूर्ण मूल्यमापनाची मागणी करत आहे" असं थेट वाक्य घाला. कशाकशाचं तेही लिहा: बोलणं आणि भाषा, ऑक्युपेशनल थेरपी, वागणूक, आकलन, समवयस्कांशी मिसळणं. जे शब्द यायचे आणि गेले त्यांची यादी द्या. घरची भाषा मराठी, दुभाषा हवा, हे एका ओळीत. मुलाची जन्मतारीख, तुमचा पत्ता, वर आजची तारीख. ईमेल अहोंना आणि स्वतःलाही सीसी करा.

आज शुक्रवार आहे, तीनच्या आत पाठवा. पंधरा दिवसांत प्लॅन आला नाही तर सोळाव्या दिवशी मला फोन करा, पुढचं पत्र आपण दोघी मिळून लिहू. आणि प्लॅनवर सही करून परत द्याल तेव्हा त्या कागदाचा तारखेसकट फोटो काढून ठेवा, ६० दिवस तिथून मोजायचे आहेत.