रस्ता ओलांडताना मुलांचा स्वभाव कसा दिसतो? अनुभव लिहा

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. खड्डे, अतिक्रमणं, बेफाम चालक यांवर बोलून झालंय आणि बोलत राहूच, पण इथे वेगळीच बाजू हवी आहे. बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींना रस्त्यावरचा धोका कितपत जाणवतो आणि त्यात स्वभावाचा वाटा किती? धीट मूल धोक्यात आणि भित्रं मूल सुरक्षित, हे समीकरण मला तरी पटलेलं नाही.

अपघातांची वर्णनं नकोत, सवयींबद्दल लिहा. मुलांची नावं टाळा. मुलांनी स्वतः लिहिलं तर फारच छान.

नववीतल्या मुलाचे बाबा, पुणे

आमचे चिरंजीव धीट गटातले. सातारा रस्त्यावर बीआरटीचे, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकेचे थांबे मधोमध, म्हणजे बस पकडायची तर अर्धा रस्ता ओलांडणं आलंच. त्याला एकदा विचारलं, "गाडी किती लांब असली की निघतोस?" म्हणाला, "त्या खांबाच्या पलीकडे असली की." रिक्षा असो, बाइक असो, सगळ्यांना तोच खांब!

मग कागदावर हिशेब मांडला. सात मीटर रुंद रस्ता, माणसाची साधी चाल सेकंदाला १.२ मीटर, म्हणजे पलीकडे पोचायला जवळजवळ ६ सेकंद. तेवढ्या वेळात ताशी ४० किलोमीटरने येणारी रिक्षा ६५ मीटर अंतर कापते आणि ६० ने येणारी बाइक शंभराच्या आसपास. त्यात बाइक आकाराने लहान, म्हणून आहे त्याहून लांब वाटते. एरवी माझं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडणारा मुलगा गणितावर मात्र तासभर वाद घालत बसला. आता रस्त्याकडेला उभा राहून "ही पन्नासची, ही पस्तीसची" असे अंदाज बांधत असतो. अंगातली खुमखुमी गेलेली नाही, पण निदान कामाला लागली. अशा मुलांना "घाबरून राहा" सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

अकरावीतली मुलगी, ठाणे

मुलांनीही लिहा म्हटलंय म्हणून लिहिते. मला घरी सगळे "सांभाळून वागणारी" म्हणतात. एकटी असते तेव्हा खरंच तशी आहे, सिग्नलला नीट थांबते. क्लास सुटल्यावर आम्ही पाच-सहा जणी असतो तेव्हा गोष्ट वेगळी. पुढच्या दोघी गाड्या बघून निघतात आणि मागच्या आम्ही त्या दोघींना बघून निघतो. आमच्यापर्यंत पाळी येईतो नव्या गाड्या आलेल्या असतात, त्या कोणीच बघितलेल्या नसतात. थांबलं तर पलीकडून हाक, "ए काकूबाई, ये ना!" भर रस्त्यात सगळे वळून बघतात. त्या क्षणी गाडीची भीती कमी आणि त्या हाकेची जास्त वाटते.

आईने मला कायम एकटीलाच रस्ता ओलांडताना बघितलंय, म्हणून ती निर्धास्त आहे.

शालेय समुपदेशक, नागपूर

वरच्या मुलीने जे लिहिलंय ते प्रयोगातही दिसलेलं आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली अमेरिकेत ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. पिवळा दिवा लागला की थांबायचं, पण जितकं पुढे जाल तितके गुण जास्त. काहींना एकट्याने खेळायला लावलं, काहींना सोबत्यांसमोर. सोबत्यांसमोर १३ ते १६ वयाच्या मुलांनी एकट्याने खेळणाऱ्यांपेक्षा बराच जास्त धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्यांवर सोबतीचा परिणाम मोठा नव्हता.

माझ्या पाहण्यातलं सांगते. वर्गात तोंड न उघडणारी, सगळ्यांशी जमवून घेणारी मुलं रस्त्यावर आपला निर्णय आपण घेतच नाहीत, तो पुढच्याच्या पाठीवर सोपवतात. पालकसभेत या मुलांची काळजी करणारं कोणी भेटत नाही. सगळी चर्चा दंगेखोरांची.

माध्यमिक शिक्षक, सांगली जिल्हा

तुमच्याकडे सिग्नल तरी आहेत. आमच्या शाळेसमोर हंगामात उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या. दोन प्रकारची पोरं सांगतो.

एक उतावळी. ट्रॉलीचं शेपूट सरलं रे सरलं की मागून सुसाट. पण भरलेल्या ट्रॉलीआडून पलीकडचं काही दिसत नाही आणि समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यालाही पोरगं दिसत नाही. या पोरांना मी एकच सांगतो, ट्रॅक्टर गेल्यावर पलीकडच्या दुकानाची पाटी पूर्ण वाचता येईस्तोवर पाय उचलायचा नाही. तोंडाने वाचायला लावतो, हसतात, पण वाचतात.

दुसरी तंद्रीत चालणारी. ही हुशार असतात, डोक्यात काहीतरी चाललेलं असतं. पहिली ट्रॉली गेली की यांच्या लेखी ट्रॅक्टर संपला. यांच्यावर अजून उपाय सापडलेला नाही. कोणाकडे असेल तर लिहा.

निवृत्त बसचालक, पिंपरी

काचेच्या आतनं काय दिसतं ते लिहितो. धीट पोरगं लांबूनच कळतं. चालीवरनं कळतं, मान वर असते, ते पलीकडे जाणार म्हणजे जाणारच. आपण आधीच वेग कमी करतो. जीव खाली-वर होतो तो बिचकणाऱ्या पोराने. दोन पावलं पुढं येतं, थांबतं, आपण म्हणतो थांबलं, तेवढ्यात परत निघतं, मग हॉर्न ऐकून मागं पळतं. त्याच्या मागनं दुचाकी येत असते, ती त्याला दिसतच नाही. हॉर्न वाजवला तर जास्तच गोंधळतं, म्हणून मी अशा वेळी हॉर्न द्यायचं सोडलं होतं. नुसता ब्रेक.

दुसरं, चालकाने हाताने "जा" केलं की गुणी पोरं मान खाली घालून पळतात. अरे, मी थांबलोय, माझ्या बाजूचा थांबलाय का? माझी बस आडवी, त्याला तू दिसतोस कुठे? बसच्या नाकापाशी आल्यावर थांबून वाकून बघायचं.

चौदा वर्षांच्या मुलीची आई, म्युनिक

आमच्याकडे तिसरीच तऱ्हा. लेक नियमाची पक्की. इथे बिनसिग्नलच्या झेब्रा पट्ट्यांवर कोणी पाऊल टाकायच्या बेतात दिसलं तरी गाडी थांबते. लाल दिवा असताना रस्ता रिकामा असला, तरी शेजारी लहान मूल असेल तर मोठी माणसं सहसा थांबून राहतात. अशा ठिकाणी वाढलेली ही बया सुट्टीत पुण्याला आजोळी आली आणि झेब्रा पट्ट्यांवर सरळ चालू लागली. मामाने दंड धरून मागे ओढलं. ही उलट त्यालाच चिडून म्हणते, "पण पट्टे आहेत ना!"

कागदोपत्री तिचं बरोबरच होतं. भारतातल्या २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांतही पट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असंच आहे. शिवाय तिकडे गाड्या उलट्या बाजूने, त्यामुळे तिची मान आधी डावीकडे वळते. तिच्यात बेफिकिरी नावालाही नाही. विश्वास आहे, आणि तो कुठे ठेवायचा नाही हे तिला शिकवताना मला वाईट वाटलं. मामा मात्र खूश, "आता पुणेकर झाली" म्हणाला.

एडीएचडी असलेल्या मुलाची आई, नाशिक

थोडक्यात लिहिते. एडीएचडी म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं. माझा मुलगा उजवीकडे बघतो, डावीकडे बघतो, पुन्हा उजवीकडे, शाळेत शिकवलं तसं तंतोतंत. बघणारे म्हणतात, किती सावध! पण बघून झालं की गाडी असली तरी निघतो. मान वळवणं त्याच्या लेखी एक पूर्ण केलेलं काम आहे. आम्ही आता त्याला जे दिसलं ते बोलायला लावतो, "पांढरी कार, लांब आहे, स्कूटर, जवळ आहे." बोलायच्या नादात दोन सेकंद जास्त मिळतात. सांगलीच्या सर, तुमच्या तंद्रीवाल्यांवर हे करून बघा.

अकरावीतली मुलगी, ठाणे

समुपदेशक मॅडमचं मैत्रिणींना वाचून दाखवलं. आता असं ठरलंय की "चला" पुढची नाही म्हणणार, सगळ्यात मागची म्हणणार. काकूबाई म्हणणारीला मुद्दाम मागे ठेवलंय.

आजी, सिंधुदुर्ग

महामार्ग ६६ चौपदरी झाला आणि गाव दोन्हीकडे वाटलं गेलं. पोरं दुभाजकावरून उड्या मारून शाळेत जातात. आमचा नातू तेरा वर्षांचा, तो एकटाच लांबच्या बोगद्यातून वळसा घालून जातो. भित्रा नाही हो, विहिरीत सूर मारतो. हट्टी आहे. एकदा ठरवलं की ठरवलं, मित्र हसले काय, एकटा सोडून गेले काय, ढिम्म. या हट्टापायी त्याने आमच्या नाकी नऊ आणलेत, रोज ताटात मासा नसेल तर जेवत नाही. सून म्हणते हट्ट मोडायला हवा. मी तिला म्हटलं, जेवणापुरता मोड.