अकरावीचा फॉर्म : आधी विषय बघा, कटऑफ नंतर

*ए-३०२ :* नमस्कार मंडळी. मुलीला दहावीला ८८ टक्के मिळाले. अकरावी सायन्सचा फॉर्म भरायला बसलोय. दहा कॉलेजं टाकता येतात. पहिली चार माटुंगा-दादरची नावाजलेली टाकावीत असं ह्यांचं म्हणणं आहे. कोणी नुकता फॉर्म भरला असेल तर सांगा प्लीज.

*सी-४०४ :* ताई, पहिल्या नंबरवर टाकलेलं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांत नाव येत नाही. त्यामुळे "टाकून बघू, लागलं तर बघू" असं पहिल्या नंबरला करू नका.

*डी-६०१ :* आणि डोंबिवलीहून माटुंगा म्हणजे रोज सकाळची ती गर्दी. पोरगी घरी येईपर्यंत गळून जाते. आमच्या थोरलीचं बघितलंय.

*ए-३०२ :* हो काकू, तीच भीती वाटते. क्लासवाल्यांनी इंटिग्रेटेड सुचवलंय. तेच कॉलेजही लावून देतात म्हणे.

*बी-१०५ :* ताई, तेवढं करू नका. आमच्या मुलाचं तसंच केलं होतं. नाव कॉलेजात, शिकवणी क्लासमध्ये, फी दोन्हीकडे. लॅबमध्ये दोन वर्षांत जेमतेम पाऊल टाकलं असेल. बारावीच्या प्रॅक्टिकलच्या तोंडावर बोलावलं आणि जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवायला लावलं. परीक्षेत ब्युरेट (खुणा असलेली काचेची नळी) हातात आली तर पोराचे हात थरथरत होते.

*ई-२०१ (सर) :* ताई, ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळे कटऑफ बघतात, पण त्या कॉलेजात कोणते विषय आहेत आणि ते खरोखर शिकवले जातात का, हे फारसं कोणी बघत नाही. मला ते आधी बघावंसं वाटतं.

सायन्सला इंग्रजी, फिजिक्स आणि केमिस्ट्री सगळ्यांनाच असतं. निवड पुढच्या विषयांची. मॅथ्स आणि बायो दोन्ही ठेवलं तर इंजिनीअरिंग, मेडिकल, फार्मसी, ॲग्रीकल्चर सगळं खुलं राहतं. बायफोकल घेतलं, उदाहरणार्थ कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स, तर तो एकच विषय २०० मार्कांचा असतो. त्यासाठी दुसरी भाषा आणि बहुतेक वेळा बायो सोडावं लागतं. कॉम्प्युटर सायन्सला सी++, एचटीएमएल, ८०८५ मायक्रोप्रोसेसर असं असतं. मार्क चांगले पडतात, आवड असेल तर जरूर घ्या. पण त्याने इंजिनीअरिंगचा प्रवेश सोपा होतो असं समजू नका. सीईटीला, म्हणजे इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्सच विचारतात, आणि त्यात मॅथ्सचे १०० मार्क, फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १००. अकरावीचा अभ्यासक्रमही २० टक्के येतो, तेव्हा अकरावी आरामात घालवायची नाही.

आता लॅबचं. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोला प्रत्येकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे आहेत. पण मी मार्कांसाठी सांगत नाहीये. ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घ्या, म्हणजे ॲसिडमध्ये गुलाबी परमँगनेट थेंब थेंब मोजून सोडायचं. ॲसिड आधी गरम करावं लागतं, नाहीतर पहिले थेंब पडल्यावर गुलाबी रंग लवकर जातच नाही आणि मुलांना वाटतं, एंड पॉइंट आला, म्हणजे रिॲक्शन पूर्ण झाली. एकदा स्वतःच्या हाताने चुकलं की रिॲक्शनचा वेग आणि तापमान यांचा संबंध कायमचा डोक्यात बसतो. नंतर रिॲक्शन स्वतःच वेग घेते, कारण तयार होणारं मँगनीज उत्प्रेरकाचं काम करतं. कितीही व्हिडिओ दाखवा, हा अनुभव येत नाही. उतरवलेल्या जर्नलमधून तर मुळीच नाही.

म्हणून कॉलेजात प्रत्यक्ष जाऊन विचारा : अकरावीला आठवड्यात प्रॅक्टिकल किती, एका बॅचमध्ये मुलं किती. आणि शक्य असेल तर लॅब उघडी असताना आत डोकावून बघा.

*सी-४०४ :* सर, कॉमर्सवाल्यांसाठीही दोन ओळी लिहा ना. माझा भाचा मॅथ्स सोडून एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घ्यायचं म्हणतोय, मॅथ्सला घाबरतो.

*ई-२०१ (सर) :* त्याला सीए करायचं असेल तर फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, १०० मार्कांचा एक अख्खा पेपर गणित, लॉजिकल रीझनिंग आणि स्टॅटिस्टिक्सचा आहे. आत्ता मॅथ्स सोडलं तर तेव्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल. सीए नको असेल तर एसपी घेतलं म्हणून काही बिघडत नाही. दुसऱ्या भाषेऐवजी आयटी मिळतंय का, तेही बघा.

*ए-३०२ :* मी तिची मुलगी लिहितेय, आईच्या फोनवरून. सर, मला बायो सोडायचं नाहीये. क्लासवाले काका म्हणाले, इंजिनीअरिंग करायचं असेल तर बायो म्हणजे वेळ वाया. पण मला अजून ठरवताच येत नाहीये.

*ई-२०१ (सर) :* बाळा, पंधराव्या-सोळाव्या वर्षी ठरलं नाही तर त्यात काही चूक नाही. बायो आवडतंय ना, मग ठेव. सोडलेला विषय पुढे जास्तीचा म्हणून देता येतो, मेडिकलसाठी आता तेही चालतं, पण तो मोठा खटाटोप आहे. एकदा शाळेसारखा रोज तास बसून शिकणं आणि नंतर एकटीने उरकणं यात फार फरक पडतो.

*डी-६०१ :* शाब्बास गं पोरी. स्वतः विचारलंस.

*बी-१०५ :* ताई, अजून एक. एकाच कॉलेजच्या अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्या असतात, त्यांचे कोड वेगळे, कटऑफ वेगळा. कोड नीट बघून भरा. अनुदानितमध्ये मुलींना शिक्षण शुल्क माफ आहे, दुसरीकडे भरपूर फी आहे.

*ए-३०२ :* हे तर लक्षातच आलं नसतं. सर, आता स्टेशनजवळच्या दोन कॉलेजांत पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो) आहे का, ते उद्या जाऊन विचारते. लॅबचंही विचारते. माटुंग्याचं एकच ठेवू आणि तेही खाली.

*ई-२०१ (सर) :* जाताना तिला बरोबर न्या. लॅब अटेंडंटशी तिलाच बोलू द्या, ते खरं सांगतात.