'धोका' की 'जोखीम'? फाउंड्रीच्या फलकासाठी शब्द हवेत

कुपवाडहून: सुरक्षा सप्ताहासाठी आमच्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) लावायच्या मराठी फलकाचं काम माझ्या गळ्यात पडलंय. 'हॅझार्ड' आणि 'रिस्क' या दोन्हींना मागच्या फलकावर 'धोका'च लिहिलं होतं आणि खाली 'धूळ अनुज्ञेय मर्यादेत, धोका नाही'. फेटलिंगवाले (ओतीव भाग घासून साफ करणारे) वाचून हसले.

मिरजेहून: हसणारच की. साच्याच्या वाळूत सिलिका असते. तिची बारीक धूळ फुप्फुसात साठली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार, आणि तो बरा होत नाही. हा धोका, वाळू आहे तोवर तोही आहे. धूळ किती, रोज किती तास, किती वर्षं, मास्क कसला, यावर ठरते ती जोखीम. 'धोका नाही' हे चूकच. 'जोखीम कमी' म्हणता येईल, तेही आकडा दाखवून.

तासगावहून: आमच्याकडे जोखीम म्हणजे अंगावरचे दागिने, नाहीतर जबाबदारी. 'अंगावर जोखीम आहे, रात्रीची एस्टी नको' असं आजी म्हणते. 'स्वतःच्या जोखमीवर' वाचलं की मालकानं हात झटकले असंच वाटतं. 'जोखीम कमी' लिहाल तर लोक विचारतील, कुणाची?

कुपवाडहून: खरंय. आणि 'एक्स्पोजर'ला काय? 'संपर्क' फारच मिळमिळीत.

मिरजेहून: कामगार म्हणतात तेच लिहा, 'धूळ खाणे'. (अहवालही तेच करतात म्हणा, कपाटात.) 'अनुज्ञेय' मात्र काढा. ही मर्यादा सहसा आठ तासांच्या सरासरीची असते. शेकआउटला (साचा फोडून वाळू झाडताना) उठणारा लोट त्या सरासरीत विरून जातो, पण तो गिळणाऱ्याला तेवढाच आठवतो. खरी गोम शब्दात नाही, इथं आहे.

इस्लामपूरहून: दादा, हे सांगणं म्हणजे काही मेहेरबानी नव्हे. भोपाळनंतर, १९८७ साली, १९४८च्या कारखाने अधिनियमात ४१-बी कलम आलं: धोकादायक प्रक्रियेची माहिती मालकानं कामगारांना द्यायची. १११-ए नं ती मागायचा हक्क कामगाराला दिला. त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत फाउंड्रीचं नाव होतंच. मी असं लिहीन: 'या वाळूच्या धुळीनं फुप्फुसं कायमची खराब होऊ शकतात. फेटलिंगला आठ तासांत मोजलेली धूळ इतकी, मर्यादा इतकी. कोणी मोजली, कधी मोजली.'

कुपवाडहून: घेतलं. फक्त 'धूळ मोजायचा पंप कुणाच्या कॉलरला लावला होता' हेही घालतो. मागच्या खेपेला तो ऑफिसच्या दारात स्टुलावर ठेवला होता, सगळ्या शिफ्टनं पाहिलंय.