शिडाच्या जहाजावरची 'वॉच': पहारा, पाळी की प्रहर?

रेघोट्या
१८७० नंतरच्या एका ब्रिटिश व्यापारी शिडाच्या जहाजावरच्या खलाशाची रोजनिशी मराठीत करतेय. लंडनहून माल घेऊन सिडनी, तिथून लोकर भरून केप हॉर्नला वळसा घालून परत. त्यात 'फोरनून वॉचमध्ये फाइव्ह बेल्स' असं येतं. मी 'सकाळच्या पहाऱ्यात पाच टोल' लिहिलं तर तपासणाऱ्यांनी त्याचं 'सकाळी पाच वाजता' करून टाकलं! ती वेळ आहे साडेदहाची. सकाळी आठ वाजता फोरनून वॉच, म्हणजे खलाशांच्या एका गटाची चार तासांची कामाची वेळ, सुरू, दर अर्ध्या तासाला जहाजाच्या घंटेचा एक टोल वाढतो, आठ टोल झाले की चार तास संपले, पुन्हा एकपासून. टोल हा शब्द मी सोडणार नाही पण वॉचला काय लिहू? पहारा म्हटलं की बंदूकवाला शिपाई डोळ्यासमोर येतो.

गिरणगावकर
पाळी. दुसरा शब्द शोधूच नका. वॉच म्हणजे वेळही आणि त्या वेळेची माणसंही ना? आमच्याकडे 'रातपाळी सुटली' म्हणजे माणसंच सुटली. जहाजावर डावी पाळी मेटची म्हणजे कप्तानाखालच्या पहिल्या अधिकाऱ्याची, उजवी सेकंड मेटची म्हणजे दुसऱ्याची, चार तास काम चार तास झोप, आणि वादळात शिडं आवळायची वेळ आली की झोपलेली पाळीसुद्धा वर.

भाषाव्रती
पाळी कारखान्याची. आपल्याकडे 'प्रहर' असताना उसनवारी कशाला? 'पूर्वाह्न-प्रहर' लिहा.

रेघोट्या
प्रहर तीन तासांचा हो, दिवसाचे आठ. इथे वॉच चार तासांची आणि त्यातही संध्याकाळी ४ ते ६ आणि ६ ते ८ अशा दोन तोकड्या, म्हणजे दिवसाच्या सात होतात. सात विषम, म्हणून रोज पाळी उलटते आणि मध्यरात्रीचं काम त्याच माणसांच्या माथी रोज येत नाही. या तोकड्या म्हणजे 'डॉग वॉच', त्याचं 'श्वानप्रहर' करू का आता?

अक्षरमित्र
पण पहारा हा प्रहरातूनच आलाय. आधी वेळ, मग त्या वेळेला जागणारा माणूस तो पहारेकरी. इंग्रजीतही वॉचच्या मुळाशी जागं राहणंच आहे. शिपाई नंतर आला, पहारा ठेवा.

गिरणगावकर
मूळ बरोबर असेल पण वाचणाऱ्याला आज काय दिसतं ते बघा की. वॉचवरची माणसं काय नुसती उभी होती? पहाटे डेक दगडाने घासायचा, दोर ओढायचे, सुकाणू धरायचं, तारा-दोरांना डांबर लावायचं. हे पहारा देणं नाही, हे राबणं आहे.

रेघोट्या
अजून एक अडलंय. सुतार, शिडं शिवणारा, स्वैपाकी हे वॉचमध्ये नसत, दिवसभर काम आणि रात्री झोप. त्यांना 'आयडलर' म्हणत. आधीच्या कुणीतरी 'रिकामटेकडे' केलंय, त्या सुताराचा फार अपमान वाटतो मला.

गिरणगावकर
दिवसपाळीवाले. बघा, पाळी घेतली की हेही सुटतं.

बंदरकाठी
स्वैपाक्याला भंडारी लिहा, हिंदुस्थानी खलाशी असलेल्या जहाजांवर तेच म्हणत. आणि बोसनला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, तांडेल लिहू नका, मागे एका अनुवादात वाचून डोकं फिरलं होतं. बोसन म्हणजे सारंग. तांडेल त्याच्या हाताखालचा.

रत्नांग्रीचा
असं कसं? आमच्या आजोबांच्या गलबतावर तांडेल म्हणजे सर्वांत वरचा, त्याच्या शब्दाशिवाय परबाण (शिडाचा आडवा वासा) हलायचं नाही. सारंग कोण मध्येच?

बंदरकाठी
गलबतावर असेल. मोठ्या जहाजावर लस्करांची, म्हणजे हिंदुस्थानी खलाशांची, भरती सारंगामार्फत व्हायची, पगारही बरेचदा त्याच्याच हातून. होडी बदलली की हुद्दा बदलतो.

भाषाव्रती
हे सगळे परकीय शब्द. सारंग फारसी, खलाशी अरबी. 'नौकाप्रमुख', 'नाविक' का नको?

अक्षरमित्र
मग नाखवाही टाका, तो फारसी नाखुदापासून, नाव आणि खुदा म्हणजे मालक. कप्तान पोर्तुगीज. पगार पोर्तुगीज. दर्यावर माणसं ज्या भाषांत ओरडली त्याच भाषा शब्दांत उतरणार, वादळात कुणी 'हे नाविका' म्हणत नव्हतं.

रत्नांग्रीचा
नाखवा फारसी आहे हे मला पटत नाही, कोळीवाड्यात कुणी फारसी बोलत होतं का? तो 'नाव' वरूनच सरळ आलाय.

अक्षरमित्र
बोलायची गरजच नाही, होर्मुझ आणि मस्कतची जहाजं कोकणात शेकडो वर्षं येत होती. आणि नावेवरून आला तर मधला 'ख' कुठून आला ते सांगा.

रत्नांग्रीचा
गावाकडच्या जाणत्यांना विचारून सांगतो. पण तांडेलच वरचा, त्यावर मी ठाम आहे.