फिजिकल स्विचचा आलेख सपाट, तरी ईआरपी रोज सकाळी अडखळते: व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क नेमके कोठे मोजावे?

प्रश्न (मकरपुरा जीआयडीसी, वडोदरा)

नमस्कार. मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळतो. आमच्याकडे व्हीस्फिअर या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीचे ३ होस्ट (प्रत्यक्ष सर्व्हर) असून त्यांवर ३६ व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालतात, आणि प्रत्येक होस्टला १० गिगाबिटचे दोन पोर्ट आहेत. ईआरपीचा (कारखान्याचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) ॲप्लिकेशन सर्व्हर आणि डेटाबेस ही दोन वेगळी मशीन आहेत.

गेला महिनाभर रोज सकाळी साडेदहा ते अकराच्या सुमारास, म्हणजे नेमकी मालाची चलने निघण्याच्या वेळी, ईआरपी अडखळते. गेटवर ट्रक भरून उभा असतो, चलनाचा पडदा दहा-बारा सेकंद हलत नाही, आणि डिस्पॅचमधून मला फोन येतो की नेटवर्क बंद पडले आहे. मी लिब्रेएनएमएस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमधून फिजिकल स्विचचे सर्व पोर्ट दर ५ मिनिटांनी वाचतो. एकाही पोर्टवर भार १२ टक्क्यांच्या वर गेलेला नाही. पिंगचे उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत येते. दुसऱ्या दिवशी व्हीसेंटर या व्हीस्फिअरच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधील आलेख उघडला, तर तोही सपाट दिसतो. ईआरपी पुरवणारे नेटवर्ककडे बोट दाखवतात आणि माझ्या हातात त्यांना दाखवण्याजोगा एकही आकडा नाही. मोजमाप नेमके कोठे आणि किती वेळाच्या अंतराने करावे, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

उत्तर (दांडिया बाजार, वडोदरा)

नमस्कार. आपले आलेख खोटे बोलत नाहीत, परंतु जेथे अडचण आहे तेथपर्यंत ते पोहोचतच नाहीत. ॲप्लिकेशन आणि डेटाबेस ही दोन्ही मशीन एकाच होस्टवर, एकाच व्हीस्विचवर (होस्टच्या आतील सॉफ्टवेअर-स्विचवर) आणि एकाच व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या तार्किक विभागात) असतील, तर त्यांच्यातील वाहतूक होस्टच्या मेमरीतूनच होते. ती केबलवर उतरत नाही, त्यामुळे फिजिकल स्विचला तिचा पत्ताही लागत नाही. भार वाटण्यासाठी मशीन आपोआप हलवणाऱ्या डीआरएसने उद्या त्यांपैकी एक मशीन दुसऱ्या होस्टवर हलवले, की तोच भार एकाएकी स्विचच्या आलेखावर उमटतो. काम वाढलेले नसते, केवळ मशीनची जागा बदललेली असते. म्हणून कोणताही आलेख वाचण्यापूर्वी त्या वेळी कोणते मशीन कोणत्या होस्टवर होते, याची नोंद हाताशी असणे मला अत्यावश्यक वाटते.

दुसरी गोष्ट सरासरीची. १० गिगाबिटचा पोर्ट ३ सेकंद पूर्ण भरून वाहिला आणि उरलेली २९७ सेकंद रिकामा राहिला, तर ५ मिनिटांच्या सरासरीत तो १ टक्का दिसतो. व्हीसेंटरचा रिअल-टाइम आलेख दर २० सेकंदांचा असतो, परंतु तो तपशील साधारण तासभरच राहतो आणि पुढे ५ मिनिटांच्या सरासरीत मिसळून जातो. दुसऱ्या दिवशी आलेख उघडून आपल्याला हाती काही लागणार नव्हतेच.

होस्टवर ईएसएक्सटॉप हे मोजमापाचे साधन चालवून एन ही कळ दाबावी. तेथे प्रत्येक व्हर्च्युअल पोर्ट (मशीन व्हीस्विचला जेथे जोडलेले असते तो) आणि प्रत्येक फिजिकल पोर्ट स्वतंत्र ओळीत दिसतो, आणि पाठवताना व स्वीकारताना गळलेल्या पॅकेटांची (डेटाच्या तुकड्यांची) टक्केवारी वेगवेगळ्या रकान्यांत मिळते. समोर बसून पाहण्यापेक्षा बॅच पद्धतीने दर ५ सेकंदांची नोंद फाइलमध्ये घ्यावी, १०.२५ ते ११.०५ या ४० मिनिटांत ४८० नोंदी होतात आणि त्या स्प्रेडशीटमध्ये सहज उघडतात.

आणखी एक विचारतो. आपण पिंग नेमके कोणत्या पत्त्यावर करता?

उत्तर (इंदूर)

वरील उत्तराशी सहमत आहे. त्यात भर घालतो, कारण पीथमपूरच्या एका कारखान्यात हाच अनुभव मी घेतला आहे. पॅकेट व्हर्च्युअल पोर्टपर्यंत आले, तरी ते उचलण्यासाठी त्या मशीनला प्रोसेसरवर वेळ मिळावा लागतो. मशीन प्रोसेसरच्या रांगेत थांबले असताना आलेली पॅकेट व्हीएमएक्सनेट३ या व्हर्च्युअल नेटवर्क कार्डाच्या रिसीव्ह रिंगमध्ये (आलेली पॅकेट तात्पुरती ठेवण्याच्या जागेत) साठतात, आणि रिंग भरली की पुढची गळतात. म्हणजे तक्रार नेटवर्कची दिसते आणि कारण प्रोसेसरच्या वाटणीत असते. आपण ईएसएक्सटॉपमध्ये सी कळ दाबून त्याच वेळचा रेडी हा रकाना (मशीन प्रोसेसरसाठी थांबल्याचा वेळ, टक्क्यांत) पाहावा. तो आकडा मशीनच्या सर्व व्हीसीपीयूंची (मशीनला दिलेल्या व्हर्च्युअल प्रोसेसरांची) बेरीज असतो, त्यामुळे व्हीसीपीयूंच्या संख्येने भागल्याशिवाय त्यावरून निष्कर्ष काढू नये. व्हीसेंटरमध्ये हाच आकडा मिलिसेकंदांत येतो. २० सेकंदांच्या नोंदीत एका व्हीसीपीयूमागे १००० मिलिसेकंद म्हणजे ५ टक्के.

थोड्या गळतीने पडदा दहा सेकंद का थांबतो, हेही सांगतो. लिनक्समध्ये टीसीपी ही डेटा पोहोचवण्याची नियमप्रणाली हरवलेल्या पॅकेटची वाट टाइमआउटपर्यंत पाहते, तेव्हा ती किमान २०० मिलिसेकंद थांबते. एका चलनासाठी ईआरपी डेटाबेसला एकामागून एक शेकडो प्रश्न विचारते, आणि त्यांतील पन्नास जरी असे अडकले तरी १० सेकंद जातात. बँडविड्थच्या आलेखात यातले काहीही दिसत नाही. त्यासाठी मशीनच्या आत टीसीपीच्या पुनर्प्रेषणाची (हरवलेली पॅकेट पुन्हा पाठवण्याची) गणती पाहावी लागते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. प्रथम पिंगविषयी: मी होस्टच्या मॅनेजमेंट पत्त्यावर पिंग करीत होतो. त्याचे उत्तर होस्टचा व्हीएमकर्नल (होस्टची मूळ प्रणाली) देतो आणि डेटाबेसच्या व्हर्च्युअल पोर्टाशी त्याचा काही संबंध नसतो, हे आपण विचारल्यावरच ध्यानात आले.

तीन दिवस नोंदी घेतल्या. दोन्ही मशीन एकाच होस्टवर होती. फिजिकल पोर्टांवर गळती शून्य. डेटाबेसच्या व्हर्च्युअल पोर्टावर स्वीकारताना १०.३१ ते १०.४८ या काळात ३ ते ६ टक्के. व्हीसिश या होस्टवरील आज्ञा-साधनामध्ये त्या पोर्टाच्या रिसीव्ह सारांशात पहिली रिंग किती वेळा भरली याची गणती असते, ती याच सतरा मिनिटांत चढत होती आणि एरवी स्थिर होती. रेडी दर व्हीसीपीयूमागे १८ टक्क्यांपर्यंत गेला होता. २४ कोअरच्या होस्टवर डेटाबेसला १६ व्हीसीपीयू दिलेले होते, आणि साडेदहाला त्या होस्टवरील सर्व मशीनवर अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी एकदम सुरू होत होती. ही वेळ महिन्यापूर्वी बदलली गेली, तेव्हापासूनच तक्रार आहे.

एका वेळी एकच बदल केला. पहिल्या दिवशी रिंगचा आकार ४०९६ केला: गळती निम्म्यावर आली, थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तपासणी रात्री, मशीनमागून मशीन अशी लावली: रेडी ३ टक्क्यांच्या आत आला आणि गळती शून्य झाली. डेटाबेसचे व्हीसीपीयू १६ वरून ८ करण्याचा विचार आहे. ते करावे का, आणि पुढे कायमची नजर कशावर ठेवावी?

उत्तर (दांडिया बाजार, वडोदरा)

तपासणी हलवल्याने काम भागले आहे, त्यामुळे व्हीसीपीयू कमी करण्याची घाई करू नये. महिनाअखेरीच्या भारात डेटाबेस प्रत्यक्षात किती प्रोसेसर वापरतो ते पाहून मगच ठरवावे.

कायमच्या इशाऱ्यांसाठी तीन आकडे पुरेत: प्रत्येक महत्त्वाच्या मशीनच्या व्हर्च्युअल पोर्टावरील स्वीकारताना होणारी गळती, दर व्हीसीपीयूमागचा रेडी आणि डेटाबेसमधील टीसीपी पुनर्प्रेषण. ते दर २० सेकंदांनी घेऊन आपल्याकडे साठवावेत. पिंग ॲप्लिकेशन सर्व्हरवरून थेट डेटाबेसला करावा. मात्र प्रोसेसरसाठी उपाशी मशीनच्या आत मोजलेला वेळ हा त्या मशीनच्या प्रतीक्षेसह मोजलेला असतो, याचे भान ठेवावे. फिजिकल स्विचचे आलेख बंद करू नयेत, मात्र त्यांत ६४ बिटांचेच काउंटर वाचले जातात का ते एकदा तपासावे, कारण ३२ बिटांचा काउंटर १० गिगाबिटच्या पूर्ण वेगाला साडेतीन सेकंदांच्या आत भरून पुन्हा शून्यावर येतो आणि ५ मिनिटांच्या वाचनात त्याला काही अर्थ उरत नाही. कोणते मशीन कोणाशी किती बोलते हे हवे असेल, तर नेटफ्लोची (वाहतुकीच्या नोंदीची) सोय डिस्ट्रिब्युटेड स्विचमध्ये (सर्व होस्टवर पसरलेल्या व्हर्च्युअल स्विचमध्ये) आहे. साध्या व्हीस्विचमध्ये ती नाही.

आमच्याकडे वासी उत्तरायणला (संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी) कारखाना बंद असतो आणि सर्व्हर चालू असतात. त्या दिवशी कोणीही काम करीत नसताना प्रत्येक व्हर्च्युअल पोर्टावर काय वाहते याची दिवसभराची नोंद मी घेऊन ठेवतो, आणि वर्षभर कोणतीही तक्रार आली की प्रथम ती फाइल उघडतो. आपणही १५ जानेवारीला एवढे अवश्य करावे.